बाटलीत मावलेलं शहर: 'कलोन' या शब्दाची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? आजचा एपिसोड छोटासा आहे आणि तो सुरू होतो माझ्या आजीच्या कपाटातून.

लहानपणी मला ताप चढला की आजी कपाटातून एक बाटली काढायची. वाटीत पाणी, त्यात बाटलीतले चार थेंब, जुन्या सुती साडीची पट्टी त्यात बुडवून माझ्या कपाळावर. "कोलन वॉटरची घडी ठेवलीय, उतरेल आता." त्यात स्पिरिट असतं, ते भरभर उडून जातं आणि जाताना अंगातली उष्णता घेऊन जातं, म्हणून गार वाटतं. पण हे मला खूप नंतर कळलं. इंजिनीअरिंगला गेल्यावर तर कोलन म्हणजे कोडमधली दोन टिंबं, एवढंच डोक्यात राहिलं.

गेल्या वर्षी आजी गेली. कपाट आवरताना ती बाटली सापडली आणि पहिल्यांदाच लेबल नीट वाचलं. 'ओ द कलोन.' ही फ्रेंच भाषा. अर्थ अगदी साधा: कलोनचं पाणी. म्हणजे आपण ज्याला औषध समजत होतो ते चक्क एका गावाचं नाव!

हे गाव जर्मनीत, र्‍हाइन नदीच्या काठावर आहे. तिथले लोक त्याला 'क्योल्न' म्हणतात. इंग्रजीनं मात्र फ्रेंचांकडून 'कलोन' हे नाव उचललं. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान मारिया फरीना नावाचा इटालियन माणूस इथे येऊन स्थायिक झाला. फरीना घराण्याची इथली कंपनी १७०९ सालची, आणि ती आजही चालू आहे. तेव्हाची अत्तरं जड, उग्र असायची. यानं संत्रं, लिंबू, बर्गमॉट अशा फळांच्या तेलांपासून एक हलका, ताजा सुगंध तयार केला आणि त्याला आपल्या नव्या गावाचं नाव दिलं. त्या काळी बड्या लोकांची भाषा फ्रेंच, म्हणून नावही फ्रेंच.

माल तुफान चालला आणि मग व्हायचं तेच झालं: नकला. जर्मनीत ट्रेडमार्कचा कायदा आला १८७४ मध्ये. तोवर दीडशेहून जास्त वर्षं ज्याला वाटेल त्यानं 'कलोनचं पाणी' बनवून विकलं. ते कुठे बनलंय याच्याशी गिर्‍हाइकाला काही देणंघेणं उरलं नाही. हळूहळू इंग्रजीत 'पाणी' गळून पडलं, नुसतं 'कलोन' उरलं. आणि त्याचं पहिलं कॅपिटल अक्षरही स्मॉल झालं. विशेषनामाचं सामान्यनाम झालं, ते असं. आज अमेरिकेत पुरुषांच्या कुठल्याही सेंटला सर्रास कलोन म्हणतात. तुम्ही परफ्यूम ऑनलाइन बघता तेव्हा ईडीपी, ईडीटी दिसतं ना? त्याच्याच खालची पायरी ईडीसी. त्यातला 'सी' म्हणजे हेच गाव. यात सुगंधी तेल साधारण २ ते ५ टक्के असतं.

आता खरी गंमत ऐका. या गावाचं नाव तरी कुठून आलं? इसवी सन ५० मध्ये रोमन सम्राट क्लॉडियसनं या वस्तीला 'कोलोनिया'चा दर्जा दिला. त्याची बायको अ‍ॅग्रिपिना इथेच जन्मली होती. लॅटिनमध्ये 'कोलोनस' म्हणजे जमीन कसणारा आणि 'कोलोनिया' म्हणजे अशांची वसाहत. याच शब्दापासून इंग्रजीत 'कॉलनी' आला, आणि तिथून आपल्याकडे. म्हणजे तुमच्या पत्त्यातली शिक्षक कॉलनी आणि आजीच्या बाटलीतलं कोलन, दोघं सख्खी भावंडं! आधी एका साध्या शब्दाचं गाव झालं, मग त्या गावाचा पुन्हा साधा शब्द झाला.

तुम्ही म्हणाल, झाला तर झाला, बिघडलं काय? बिघडतं. आपल्याकडे बघा. पैठणी म्हणजे पैठणची, कोल्हापुरी म्हणजे कोल्हापूरची. उद्या 'कोल्हापुरी' म्हणजे 'कुठल्याही कारखान्यातली चपटी चप्पल' असाच अर्थ उरला, तर हातानं चामडं शिवणार्‍या कारागिराकडे त्याचं म्हणून काय राहील? म्हणूनच कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जीआय टॅग मिळाला, म्हणजे त्या नावावर त्या भागाचा कायदेशीर हक्क. पैठणीलाही तो आहे. क्योल्नवाल्यांनी इंग्रजीतला शब्द कधीच गमावला, पण घरचा राखला. 'अस्सल क्योल्नचं पाणी' असं जर्मनमध्ये बाटलीवर छापायचं असेल, तर ते क्योल्नमध्येच बनलेलं असावं लागतं.

आजीला हे गाव नकाशावर दाखवता आलं नसतं, पण त्याचं नाव तिच्या तोंडी आयुष्यभर होतं. ती बाटली मी टाकली नाही. आत थेंबभरही उरलेलं नाही, तरी बूच उघडलं की वास येतो.

तुमच्या घरात असं एखादं गाव लपलंय का? शोधा आणि सांगा. भेटू पुढच्या भागात!