गिझर गळतोय? आधी स्विच बंद करा

मीरा-भाईंदरच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. गिझरही त्याला अपवाद नाही. पाणी तापले की प्रसरण पावते, त्यामुळे त्या वेळी सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडणे स्वाभाविक आहे. मात्र गिझरच्या तळातून तांबूस पाणी झिरपू लागले, तर बहुधा टाकीच आतून गंजली आहे. अशी टाकी डागडुजीने टिकत नाही. ओल वायरिंगपर्यंत पोहोचली तर जीवघेणा शॉक बसू शकतो. म्हणून वीजपुरवठा लगेच बंद करून तंत्रज्ञाला बोलवा. टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा स्वतः झिजून लोखंड वाचवतो. बोअरवेलचे क्षारयुक्त पाणी वापरत असाल, तर तो दरवर्षी तपासून घ्या.