पडद्यावरचें वेड आणि घरांतील व्याधि

एका सुशिक्षित घराचें चित्र डोळ्यांपुढें आणावें. थोरला मुलगा चार महिन्यांपासून खोलीबाहेर पडलेला नाहीं. त्याचें बोलणें थांबलें आहे. हांक मारली तर तो भिंतीकडे पाहत बसतो. गेले कांहीं दिवस त्यानें अन्नपाण्यालाहि नको म्हटलें आहे. अखेर घरचीं माणसें त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेतात. डॉक्टर सर्व तपासून सांगतात कीं, औषधांचा गुण येण्यास कांहीं आठवडे लागतात आणि तेवढा अवधि आतां हातीं नाहीं. तेव्हां विद्युत्-उपचार द्यावा. हे शब्द कानीं पडतांच आईच्या डोळ्यांपुढें एक देखावा उभा राहतो: हातपाय दाबून धरणारे दांडगे सेवक, तोंडांत कोंबलेला बोळा, ताणलेला चेहरा. "माझ्या मुलाला शॉक नको," एवढेंच ती म्हणते, आणि मंडळी मुलाला घेऊन परत घरीं येतात.

त्या माउलीनें विद्युत्-उपचार प्रत्यक्ष कधींहि पाहिलेला नसतो. तिनें पाहिलेला असतो तो सिनेमा. मुलाच्या जीविताचा निर्णय त्या क्षणीं वैद्यकानें केला नाहीं, ममतेनेंहि केला नाहीं. तो वर्षांपूर्वीं पाहिलेल्या एका दृश्यानें केला. तीव्र मानसिक आजाराचें जें चित्र सिनेमा रंगवितो, त्याचा विचार मनोरंजनापलीकडे जाऊन करावा लागतो तो यासाठीं.

तापाचा रोगी प्रत्येकानें घरांत पाहिलेला असतो. पडद्यावर तापाचें खोटें चित्र दिसलें तर प्रेक्षक हंसून सोडून देईल. मनाच्या आजाराचें तसें नाहीं. तो मागल्या खोलींत झांकून ठेवला जातो. शेजाऱ्यांना ‘प्रकृति बरी नाहीं’ यापलीकडे कांहीं सांगितलें जात नाहीं. मुंबईकर थट्टेनें ‘ठाण्याला पाठवा’ म्हणतो, पुणेकर ‘येरवड्याला’ म्हणतो. परंतु तेथील मनोरुग्णालयांचें फाटक ओलांडून आंत गेलेला थट्टेखोर विरळाच. अनुभवाची ही जी रिकामी जागा राहते, ती सिनेमा भरून काढतो.

ज्या उपचाराचा एवढा धसका घेतला जातो त्याचा इतिहास थोडक्यांत असा आहे. १९३४ सालीं बुडापेस्ट येथील मेडुना नांवाच्या डॉक्टरानें औषध टोचून रुग्णांस मुद्दाम फेंफरें आणण्याचा प्रयोग केला. अपस्मार आणि छिन्नमनस्कता म्हणजे स्किझोफ्रेनिया हे दोन रोग परस्परांचे वैरी आहेत, अशी त्याची कल्पना होती. कल्पना पुढें चुकीची ठरली. मात्र असें फेंफरें आल्यावर कांहीं रुग्ण सुधारतात हा अनुभव खरा निघाला. १९३८ सालीं रोम येथें चेर्लेत्ती व बिनी या दोघांनीं तेंच काम विजेच्या साहाय्यानें केलें. त्या काळीं भूल देत नसत. विजेचा प्रवाह सुरू होतांच रुग्ण बेशुद्ध होई हें खरें; पण त्याचे स्नायू इतक्या जोरानें आंवळले जात कीं, कधीं कधीं पाठीच्या मणक्यास इजा होई. लोकांच्या मनांतली भीति अगदींच निराधार नव्हती, हें प्रथमच मान्य केलेलें बरें.

या उपचाराचीं दोन चित्रें अमेरिकन सिनेमानें जगापुढें ठेविलीं. पहिलें १९४८ सालचें. अनातोल लिटव्हाक यांनीं दिग्दर्शित केलेल्या ‘द स्नेक पिट’ या चित्रपटांत ऑलिव्हिया डी हॅव्हिलंड या अभिनेत्रीनें मनोरुग्ण विवाहितेची भूमिका केली. मेरी जेन वॉर्ड या लेखिकेनें स्वतःच्या रुग्णालयांतील अनुभवावरून लिहिलेल्या कादंबरीवर तो आधारलेला होता. दाटीवाटीनें भरलेले वॉर्ड, त्रासलेल्या परिचारिका, माणसाचें माणूसपण विसरणारी शिस्त हें सर्व त्यांत निर्भीडपणें दाखविलें आहे. तरीहि त्यांतील विद्युत्-उपचार भयंकर वाटला तरी निष्फळ नाहीं. त्यानंतरच नायिका डॉक्टरांशीं बोलण्याइतकी भानावर येते आणि बरें होण्याची वाट तिला सांपडते.

दुसरें चित्र १९७५ सालचें. मिलोश फोरमन यांचा ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’ हा चित्रपट केन केसी यांच्या १९६२ सालच्या कादंबरीवरून तयार झाला. त्याचें चित्रीकरण ऑरेगॉन राज्यांतील सेलम येथील खऱ्या मनोरुग्णालयांत झालें आणि तेथील प्रमुख डॉक्टरांनींच चित्रपटांतील डॉक्टरांची भूमिका केली. पांच प्रमुख ऑस्कर पारितोषिकें त्यानें मिळविलीं. या कथेंत नायक वस्तुतः रुग्ण नाहींच. तो तुरुंगांतील कष्ट चुकविण्यासाठीं आलेला बंडखोर आहे. तो शिस्त मोडतो म्हणून त्याला शुद्धीवर असतांना शॉक दिला जातो, आणि तेवढ्यानें तो नमत नाहीं म्हणून अखेर त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करून त्याला जिवंत प्रेत बनविलें जातें.

कलाकृति म्हणून हा चित्रपट मोठा आहे, आणि त्याचा रोष ज्या सत्तेवर आहे ती सत्ताहि खरी होती. कांहीं संस्थांत विजेचा उपचार शिक्षेसारखा वापरला गेला, याचे पुरावे आहेत. मेंदूवरील ती शस्त्रक्रियाहि काल्पनिक नव्हे. पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनीं ती १९३५ सालीं सुरू केली आणि १९४९ सालीं त्यांना तीबद्दल नोबेल पारितोषिकांत वांटाहि मिळाला. परंतु श्रोत्यांनीं काळाचा हिशेब विसरूं नये. कथा १९६३ च्या सुमाराची आहे. १९५२ सालीं पॅरिसमध्यें क्लोरप्रोमॅझिन हें औषध मनोरुग्णांस प्रथम देण्यांत आलें, आणि अशीं औषधें हातीं आल्यावर ती शस्त्रक्रिया मागें पडत गेली. चित्रपट पडद्यावर आला त्या वेळीं अमेरिकेंत विद्युत्-उपचार बहुधा भूल देऊनच केला जात होता. म्हणजे उपचार सौम्य होत गेला आणि त्याचें चित्र मात्र अधिक भीषण झालें. औषधशास्त्र पुढें सरकलें. प्रेक्षकाच्या मनांतील घड्याळ त्या जुन्या वॉर्डांतच थांबून राहिलें.

आज हा उपचार कसा देतात? रुग्णाला शिरेंतून अल्पकाळाची भूल दिली जाते, स्नायू सैल करणारें औषध दिलें जातें, प्राणवायु दिला जातो. प्रवाह कांहीं सेकंद सोडतात. मेंदूंत येणारें फेंफरें बहुधा मिनिटाच्या आंतबाहेर टिकतें. शरीर मात्र फारसें हलत नाहीं. आठवड्यांतून दोन-तीन वेळां, असे साधारण सहा ते बारा वेळां तो देतात. अन्नपाणी सोडविणारें वा आत्मनाशाकडे नेणारें तीव्र नैराश्य आणि शरीर काष्ठवत् होण्याची अवस्था, यांत त्याचा गुण अनेकदां औषधांपेक्षां लवकर येतो. तो निर्दोष आहे असें मात्र कोणी म्हणूं नये. शुद्धीवर आल्यावर कांहीं काळ गोंधळ होतो. त्या दिवसांतील आठवणी पुसट होतात, आणि कांहींच्या त्या परत येत नाहींत.

भारतांत भुलेवांचून हा उपचार देण्याची रीत कित्येक ठिकाणीं फार उशिरांपर्यंत चालू राहिली. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यानें तिला बंदी केली. अल्पवयीन मुलांस तर पालकांची संमति व मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय हा उपचार देतां येत नाहीं. रुग्णाला कोणत्याहि रीतीनें सांखळीनें बांधण्यासहि त्याच कायद्यानें मनाई केली आहे. या मनाईमागें एक दारुण आठवण आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजीं तामिळनाडूंतील एरवाडी येथें दर्ग्याच्या आश्रयानें चाललेल्या एका आश्रमास आग लागली आणि सांखळदंडांनीं बांधलेले २८ मनोरुग्ण तीत जळून मेले. रुग्णालयाला भिऊन जें कुटुंब दुसरीकडे वळतें, तें नेहमींच अधिक सुरक्षित जागीं पोंचतें असें नव्हे.

पाश्चात्य सिनेमानें उपचाराचें भय शिकविलें असेल, तर आपल्या हिंदी सिनेमानें दुसरीच एक समजूत पक्की केली: प्रेमभंगानें वेड लागतें आणि प्रेमानें तें उतरतें. १९७० सालच्या ‘खिलौना’ चित्रपटांत श्रीमंत घरच्या वेड्या मुलाला सुधारण्यासाठीं एका नर्तकीला पत्नी म्हणून घरांत आणलें जातें. त्याच्या आदल्या वर्षींच्या ‘खामोशी’ चित्रपटांत परिचारिकेनें रुग्णावर प्रेमाचा अभिनय करावा, हाच डॉक्टरांचा उपचार असतो. न्यायाच्या दृष्टीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ‘खामोशी’ची कथा त्या उपचाराची किंमत लपवीत नाहीं, शेवटीं ती परिचारिकाच मन हरवून बसते. पण प्रेक्षकाच्या स्मरणांत बहुधा प्रेमाचा चमत्कारच राहतो.

‘लग्न करून द्या म्हणजे ठिकाणावर येईल’ हें वाक्य सिनेमापेक्षां पुष्कळ जुनें आहे. सिनेमानें त्याला चेहरा दिला इतकेंच. आजार लपवून लग्न होतें, नव्या सुनेपासून गोळ्या लपविण्यासाठीं त्या बंद केल्या जातात, आणि कांहीं महिन्यांत आजार उलटतो. मग एका दुःखाचीं दोन दुःखें होतात. मायेनें रुग्णाचें आयुष्य सुसह्य होतें यांत शंका नाहीं. पण मधुमेही माणसाला जशी माया औषधाच्या ऐवजीं देतां येत नाहीं, तशीच येथेंहि येत नाहीं.

तिसरी चूक अधिक सूक्ष्म आहे. रॉन हॉवर्ड यांचा ‘अ ब्यूटिफुल माइंड’ हा २००१ सालचा चित्रपट गणितज्ञ जॉन नॅश यांच्या आयुष्यावर आहे. नॅश यांना स्किझोफ्रेनिया होता, आणि १९९४ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळालें. चित्रपटांत त्यांना नसलेलीं माणसें दिसतात. प्रत्यक्षांत त्यांना त्रास होत असे तो आवाजांचा. या आजारांत भास बहुतकरून कानाचे असतात. सिनेमा ही डोळ्यांची कला असल्यामुळें आवाजांना शरीरें द्यावीं लागलीं, आणि त्या युक्तीनें प्रेक्षकाला भासाचें सामर्थ्य स्वतः अनुभवतां आलें, हा त्या चित्रपटाचा मोठा गुण. दुसरा बदल अधिक विचार करण्यासारखा आहे. पडद्यावरील वृद्ध नॅश आपण नवीं औषधें घेत असल्याचें सांगतात. खऱ्या नॅश यांनीं १९७० नंतर औषध घेतलें नव्हतें आणि ते वर्षानुवर्षांच्या कालावधींत हळूहळू सुधारले. त्यांचा दाखला देऊन इतर रुग्ण औषधें सोडून देतील, या काळजीनें पटकथाकारानें तसें लिहिलें. अपवादानें नियमाला धक्का लावूं नये म्हणून चित्रपटानें सत्याला मुरड घातली. ती योग्य कीं अयोग्य यावर मतभेद होतील. पण पडद्यावरच्या एका वाक्यानें घरोघरच्या गोळ्या बंद पडूं शकतात, हें त्या लेखकानें ओळखलें होतें.

याखेरीज मनोरुग्ण म्हणजे खुनी, ही समजूत आहेच. हिचकॉकच्या १९६० सालच्या ‘सायको’पासून तिला बळ मिळालें. प्रत्यक्षांत तीव्र मानसिक आजार असलेल्यांपैकीं बहुतेकांच्या हातून कोणावरहि हिंसा होत नाहीं. उलट त्यांच्यावरच अत्याचार होण्याचा संभव अधिक असतो. परंतु शांतपणें कोपऱ्यांत बसणारा रुग्ण कथेच्या कामाचा नसतो. सिनेमाला दोन-तीन तासांत खलनायक, कलाटणी आणि शेवट हवा असतो. या आजाराला यांतलें कांहींच नसतें. तो हळूहळू येतो, हळूहळू ओसरतो, आणि पुन्हां डोकावतो.

हें संथ सत्यहि पडद्यावर येऊं शकतें, हें मराठी चित्रपटानें दाखविलें आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या २००४ सालच्या ‘देवराई’ चित्रपटांत अतुल कुलकर्णी यांनीं स्किझोफ्रेनिया झालेल्या शेषची भूमिका केली. कोंकणांतील देवराईच्या ध्यासानें झपाटलेला हा बुद्धिमान तरुण राक्षस नाहीं आणि विदूषकहि नाहीं. त्याच्याइतकेंच महत्त्व त्याच्या बहिणीला आहे. संसार सांभाळून भावाला सांभाळतांना तिची होणारी ओढाताण, डॉक्टरांकडून आजार समजावून घेणें, औषधांना आणि घरच्यांनाहि धीर द्यावा लागणें, हाच त्या कथेचा गाभा आहे. ज्या घरांत असा रुग्ण आहे, त्या घराला येथें प्रथमच स्वतःचें प्रतिबिंब दिसलें असल्यास नवल नाहीं.

चित्रपट पाहूं नयेत, असा याचा अर्थ नाहीं. पाहून झाल्यावर तीन प्रश्न मात्र विचारावे. कथा कोणत्या काळची आहे? उपचार दंड म्हणून दाखविला आहे कीं उपाय म्हणून? आणि शेवटचें दृश्य संपल्यावर दुसऱ्या दिवशीं सकाळीं त्या रुग्णाचें काय होत असेल: गोळी कोण देईल, झोंप लागेल का, काम मिळेल का? ज्या चित्रपटापाशीं तिसऱ्या प्रश्नाचें थोडें तरी उत्तर असतें, तो विश्वासाला अधिक पात्र.

आणि त्या पहिल्या घरांतील आईनें? तिनें भ्यावें, यांत गैर कांहीं नाहीं. भीतीचे प्रश्न मात्र करावे. भूल देणार का व कोण देणार, किती वेळां उपचार होणार, स्मृतीवर काय परिणाम संभवतो, दुसरा कोणता मार्ग आहे, संमति कोणाची घेणार, हें सर्व डॉक्टरांना विचारण्याचा तिला अधिकार आहे, आणि न कंटाळतां उत्तर देणें हें डॉक्टरांचें कर्तव्य आहे. कोणाला विचारावें हेंच कळत नसेल, तर २०२२ सालीं सुरू झालेल्या सरकारी ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनि करतां येतो. उत्तरें ऐकून तिनें होय म्हणावें किंवा नाहीं म्हणावें. मात्र तें उत्तर आंतल्या खोलींत भिंतीकडे पाहत बसलेल्या तिच्या मुलाकडे पाहून दिलेलें असावें. पडद्यावर दिसलेल्या परक्या माणसाकडे पाहून दिलेलें नसावें.