गाळा मुदतीआधी सोडायचा असेल तर...

धंदा म्हटला की चढ-उतार आलाच. तीन वर्षांच्या करारावर गोदाम घ्यावे आणि आठव्या महिन्यात मोठी पार्टी बुडावी, भागीदार वेगळा व्हावा किंवा मुलाने दुसरी वाट धरल्यामुळे दुकानावर बसणारे कोणी राहू नये, असे प्रत्येक बाजारात घडते. अशा वेळी बरेच व्यापारी जे करतात तेच सर्वांत महाग पडते. माल हलवायचा, शटर ओढून कुलूप लावायचे आणि "डिपॉझिट मालकाकडे आहेच, त्यातून वळते करून घेईल" असे म्हणून गप्प बसायचे. चावी मात्र आपल्याच खिशात राहते. जोवर चावी आपल्याकडे आहे तोवर भाडे चालू आहे, ही गोष्ट आधी नीट समजून घेतली पाहिजे.

आपली परिस्थिती बदलली म्हणून करार आपोआप संपत नाही. तो संपवावा लागतो, आणि संपवण्याची रीत आहे. ती पाळली तर नुकसान मर्यादेत राहते. न पाळल्यास डिपॉझिट जाते, शिवाय कोर्टाचा कागद घरी येतो.

कागद कोणता आहे, हे आधी पाहा

महाराष्ट्रात व्यापारी जागा साधारण तीन प्रकारे घेतली जाते. पहिला प्रकार लीव्ह अँड लायसन्सचा. यात जागेत हक्क निर्माण होत नाही, ठरलेल्या मुदतीपुरती वापरण्याची परवानगी मिळते. दुसरा प्रकार भाडेपट्ट्याचा, म्हणजे लीजचा. यात मुदतीपुरता जागेचा हक्कच भाडेकरूकडे येतो. तिसरा प्रकार जुन्या पागडीचा.

पागडीवाल्याने घाईने चावी परत करू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५६ नुसार भाडेहक्क सोडताना किंवा दुसऱ्याच्या नावे करताना भाडेकरूला रक्कम घेता येते. तेथे जागा सोडणे हा तोट्याचा व्यवहार असेलच असे नाही. त्या प्रकाराला हा लेख लागू नाही.

लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, असे याच कायद्याचे कलम ५५ सांगते. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे आणि न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. तेव्हा नुसत्या नोटरीच्या कागदावर कोणी लॉक-इनची धमकी देत असेल तर घाबरण्यापूर्वी वकिलाला तो कागद दाखवावा.

लेखी करारच नसेल आणि भाडेपट्ट्याचे नाते असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम १०६ लागते. दुकान किंवा गोदाम महिन्याच्या भाड्याने घेतले असे धरले जाते आणि पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीने ते सोडता येते. कारखान्यासाठी घेतलेल्या जागेला मात्र हेच कलम सहा महिन्यांची नोटीस सांगते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा. वर्षावर्षाचा पट्टा नोंदणीशिवाय होत नाही, त्यामुळे तोंडी घेतलेल्या शेडबाबत पंधरा दिवस की सहा महिने असा वाद निघू शकतो. तेथे नोटीस वकिलाकडूनच लिहून घ्यावी.

लॉक-इनचे कलम

करारात दोन मुदती वेगळ्या असतात. एक नोटिशीची, साधारणपणे एक ते तीन महिने. दुसरी लॉक-इनची, म्हणजे ज्या काळात जागा सोडायची नाही ती. हे कलम वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. लॉक-इन दोघांनाही बांधते की फक्त भाडेकरूला? लॉक-इन चालू असताना नोटीस देता येते, की मुदत संपल्यावरच द्यायची आहे? आणि लॉक-इन मोडल्यास काय द्यायचे ठरले आहे, उरलेले भाडे की अमुक महिन्यांचे डिपॉझिट?

दुसऱ्या प्रश्नात पैसा दडलेला असतो. "लॉक-इन संपल्यानंतर दोन महिन्यांची नोटीस" आणि "दोन महिन्यांची नोटीस, परंतु लॉक-इन संपण्यापूर्वी जागा सोडता येणार नाही" ही दोन वाक्ये कानाला सारखी वाटतात. पहिल्यात बारा महिन्यांचे लॉक-इन प्रत्यक्षात चौदा महिन्यांचे होते.

कायदा कोणती अडचण मानतो?

"मंदी आली, मी काय करणार?" हा युक्तिवाद बाजारात चालतो, कोर्टात चालत नाही. करार कायद्याचे कलम ५६ अशक्य झालेल्या करारांना रद्द मानते खरे, पण भाडेपट्ट्याला ते लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली सांगितले. तो खटला फाळणीचा होता. एका वर्षासाठी पट्ट्याने घेतलेली शेतजमीन १९४७ मध्ये पाकिस्तानात गेली. पट्टेदार इकडे निघून आला आणि भरलेले भाडे त्याने परत मागितले. ते त्याला मिळाले नाही. पट्टा झाला की जागेचा हक्क हस्तांतरित झालेला असतो, नंतर येणारे संकट हक्क घेणाऱ्याचे, असा त्यामागचा विचार आहे. फाळणीने जे साधले नाही ते कापडबाजाराच्या मंदीने साधेल, अशी आशा करू नये.

मार्च २०२० च्या लॉकडाऊननंतर हाच प्रश्न पुन्हा आला. दिल्लीच्या खान मार्केटमधील एका दुकानाच्या प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये भाडेमाफी नाकारली, पैसे भरण्यास थोडी सवड दिली. दुकान बंद होते, पण ताबा भाडेकरूकडेच होता.

एक अडचण मात्र कायदा स्पष्टपणे मानतो. आग, वादळ, पूर, दंगल अशा कारणांनी जागेचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा ज्या कामासाठी घेतली त्यासाठी कायमची निरुपयोगी झाली, तर भाडेकरूला पट्टा रद्द ठरवता येतो. हे कलम १०८ (ई) मध्ये आहे. त्यालाही दोन मर्यादा आहेत. करारात उलट अट असू नये, आणि नुकसान भाडेकरूच्या चुकीने झालेले नसावे. पुराचे पाणी आठवडाभर तुंबून ओसरले, एवढ्याने हे कलम लागत नाही.

आपल्या वाचकांपैकी काहीजण येथे फिकहचा प्रश्न काढतील. हनफी फिकहमध्ये 'उज्र'मुळे इजारा, म्हणजे भाड्याचा करार, मोडण्याची सवलत आहे. दुकान भाड्याने घेतलेल्याचे भांडवल बुडाले तर तो इजारा संपवू शकतो, असे 'हिदाया'त उदाहरणही आहे. कोकणातील बहुतांश मुसलमान ज्या शाफई मस्लकाचे आहेत तेथे अशी वैयक्तिक अडचण पुरेशी मानलेली नाही. दोन्ही पक्ष राजी असतील तर समझोता करताना हा विचार जरूर पुढे ठेवावा. पण भाड्याच्या वादात कोर्ट देशाचा कायदा आणि हातातला करारच पाहते.

उरलेले सगळे भाडे द्यावेच लागते का?

येथे भाडेकरूच्या बाजूचा कायदा सुरू होतो. करार मोडल्यास अमुक रक्कम द्यावी असे लिहिले असले तरी करार कायद्याच्या कलम ७४ नुसार मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेली रक्कम ही तिची वरची मर्यादा असते. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले. कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार नुकसान कमी करण्याचे जे मार्ग हाताशी होते तेही भरपाई ठरवताना पाहिले जातात.

म्हणजे आपण डिसेंबरात जागा सोडली आणि मालकाने फेब्रुवारीपासून ती दुसऱ्याला दिली, तर मार्चचे भाडे आपल्याकडून मागण्यात फारसा जोर राहत नाही. परंतु मालकाला जागा दुसऱ्याला देता यावी यासाठी आपण ती मोकळी करून दिली पाहिजे. आत माल आणि बाहेर आपले कुलूप असेल तर हा मुद्दा मांडायला तोंड राहत नाही.

हिशेब करून पाहू

समजा, गोदामाचे भाडे महिना ४०,००० रुपये, डिपॉझिट २,४०,००० रुपये, करार १ एप्रिलपासून तीन वर्षांचा, लॉक-इन बारा महिने, नोटीस दोन महिन्यांची आणि ती लॉक-इनमध्येही देता येते. नोव्हेंबरअखेर धंदा बसला. जीएसटी आणि वीजबिल बाजूला ठेवू.

पहिला मार्ग : कुलूप लावून भाडे बंद केले. डिसेंबर ते मे या सहा महिन्यांत २,४०,००० चे डिपॉझिट संपले. नोटीस दिलेली नाही, चावी दिलेली नाही. म्हणून जूनपासून पुन्हा मीटर चालूच.

दुसरा मार्ग : डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात नोटीस दिली की ३१ मार्चला ताबा देतो. चार महिन्यांचे १,६०,००० भरले. डिपॉझिट पूर्ण परत मागण्याचा हक्क राहिला.

तिसरा मार्ग : मालकाकडे जाऊन बोलणी केली. दलालामार्फत नवा भाडेकरू आणला, तो १ फेब्रुवारीपासून येणार. आपण डिसेंबर आणि जानेवारीचे ८०,००० दिले, एका महिन्याच्या भाड्याइतकी दलाली सोसली. एकूण १,२०,०००. दोन लाख चाळीस हजारांपैकी निम्मी रक्कम वाचली, आणि संबंधही टिकले. बाजारात ही गोष्ट लहान नाही.

सोडण्याची रीत

नोटीस लेखी द्या. करारातील पत्त्यावर पोचपावतीसह टपालाने पाठवा आणि एक प्रत हाती देऊन सही घ्या. फोनवर सांगितले, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिले, एवढ्यावर थांबू नका. नोटिशीत ताबा देण्याची तारीख स्पष्ट लिहा.

आगाऊ दिलेले चेक परत मागा. वर्षभराचे बारा चेक मालकाकडे असतात आणि आपण ते विसरतो. खात्यात पैसे नसताना चेक परत गेला तर नेगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी प्रकरण उभे राहू शकते. बँकेला पेमेंट थांबवायला सांगितले म्हणून सुटका होईलच असेही नाही. समझोत्याच्या कागदावर चेकचे नंबर लिहून ते परत मिळाल्याची नोंद करा.

आपले फर्निचर, रॅक, माग काढून घ्या. ताबा असेपर्यंत भाडेकरूला आपण बसवलेल्या वस्तू काढण्याचा हक्क आहे, मात्र जागा घेतली तशी परत द्यावी लागते. मागांच्या पायाचे खड्डे बुजवणे हा खर्च आपलाच. रिकाम्या जागेचे फोटो काढून ठेवा.

वीज मीटरचे शेवटचे रीडिंग दोघांसमोर लिहा, बिल भरून पावती जोडा.

ताबा देताना ताबापावती घ्या. त्यात तारीख, चाव्यांची संख्या, मीटरचे रीडिंग, डिपॉझिटमधून काय वळते केले आणि बाकी कधी मिळणार, हे सर्व असावे. शक्य असेल तर चावी एका हाताने आणि डिपॉझिटचा चेक दुसऱ्या हाताने, असा व्यवहार करा. मालक चावी घेण्यास नकार देत असेल तर जागा रिकामी असून चावी घेऊन जावी, असे त्याला लेखी कळवा आणि वकिलामार्फत चावी पाठवा. करार नोंदणीकृत असेल तर रद्दलेख करावा, त्याची नोंदणी लागेल का हे वकिलाला विचारावे.

जीएसटी नोंदणीत ती जागा दाखवली असेल तर बदलाचा अर्ज पंधरा दिवसांत करायचा असतो. गुमास्ता, बँक, विमा यांच्याकडील पत्ताही बदलून घ्या. नाहीतर जागा सोडल्यावरही त्या पत्त्यावर आपल्या नावाच्या नोटिसा येत राहतील, आणि त्या आपल्याला कधीच मिळणार नाहीत.

नवा करार करताना

जागा घेताना आपल्याला ती सोडण्याचा विचार सुचत नाही, पण सोडण्याच्या अटी ठरवण्याची खरी वेळ तीच असते. तेव्हा मालकालाही भाडेकरू हवा असतो. लॉक-इन सहा महिन्यांवर आणता येते का, नोटीस लॉक-इनमध्ये देता यावी, योग्य नवा भाडेकरू आणून दिल्यास भरपाई माफ व्हावी, डिपॉझिट किती दिवसांत परत मिळेल आणि उशीर झाल्यास व्याज नको असेल तर दुसरी कोणती भरपाई मिळेल, एवढ्या चार अटी लिहून घ्या. कपड्याचा ताका घेताना आपण गजाने मोजतो, हात लावून पाहतो. तीन वर्षांचा करार सही करण्यापूर्वी तेवढ्याच बारकाईने वाचला, तर पुढे कुलूप लावून पळण्याची पाळी येणार नाही.