चांदी भरू की पांढरे? दाढ उपटण्याआधी एवढे वाचा

रविवारची सामूहिक वंदना आटोपली होती. पनवेलच्या आमच्या विहारात उपासक-उपासिका चहा घेत बसले होते. वस्तीतली एक भगिनी चहाचा कप हातात धरून नुसतीच बसली होती. विचारले तर म्हणाली, "भाऊ, गरम लागलं की डावीकडची दाढ ठणकते. डॉक्टरांकडं जाऊन आले. त्यांनी विचारलं, चांदी भरू की दाताच्या रंगाचं? मी काहीच न सांगता घरी आले. चांदीत विष असतं म्हणतात आणि पांढरं श्रीमंतांचं काम. त्यापेक्षा दाढच उपटून टाकते, कटकट नको."

तिची दाढ किडली होती, पण वाचण्यासारखी होती. ती जाणार होती ती किडीमुळे नव्हे, दोन ऐकीव गोष्टींमुळे. आपल्या समाजात अशा किती दाढा गेल्या असतील! माझ्या आईच्या अशाच गेल्या. एक दुखली, उपटली. दुसरी दुखली, तीही उपटली. पन्नाशी ओलांडली तेव्हा तोंडात चावायला काही उरले नव्हते. शेवटची कित्येक वर्षे तिने भाकरी कालवणात कुस्करूनच खाल्ली. दात भरून वाचवता येतो, हे तिला कोणी सांगितलेच नाही. म्हणून हा विषय आज कुटुंबाच्या पानावर घेतला आहे.

तथागतांनीही दात क्षुल्लक मानले नाहीत

दाताची निगा ही साहेबलोकांची हौस आहे, असे काहींना वाटते. विनयपिटकातील चुल्लवग्ग पाहा. भिक्खू दातवण करीत नव्हते, त्यांच्या तोंडाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा भगवान बुद्धांनी दातवणाची अनुज्ञा दिली. दातवण न करण्याचे पाच तोटे सांगितले. मुखाला दुर्गंधी येते, अन्नाची चव नीट लागत नाही, हे त्यांतलेच. काडी आठ अंगुळांहून लांब नको आणि चार अंगुळांहून आखूड नको, हेही ठरवून दिले. अडीच हजार वर्षांपूर्वी एवढा बारीक विचार झाला होता. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत आपल्या माता-भगिनींपुढे पहिला आग्रह धरला तो स्वच्छतेचा. स्वच्छता म्हणजे केवळ धुतलेले लुगडे नव्हे, तोंडही त्यात आले.

कीड म्हणजे काय?

दातात किडा शिरत नाही. तोंडातले जंतू साखर आणि पिठूळ पदार्थ खाऊन आम्ल तयार करतात. हे आम्ल दाताचे वरचे कठीण कवच विरघळवते. कवचात वेदना नसते, म्हणून सुरुवातीला काहीच कळत नाही. कीड आतल्या मऊ थरात उतरली की गोड, थंड, गरम झोंबू लागते. त्याही पुढे ती दाताच्या नसेपर्यंत गेली की रात्र-रात्र ठणका लागतो. पहिल्या दोन पायऱ्यांवर किडका भाग कोरून खड्डा भरला की काम भागते. तिसऱ्या पायरीवर रूट कॅनाल करावे लागते किंवा दात काढावा लागतो. म्हणजे खरा प्रश्न चांदी की पांढरे हा दुसरा, वेळेवर की उशिरा हा पहिला.

चांदी खरेच चांदी आहे का?

आपण जिला चांदी म्हणतो ते मिश्रण असते. त्याला अमाल्गम म्हणतात. त्यात निम्म्याच्या आसपास पारा असतो आणि बाकी चांदी, कथील, तांबे यांची भुकटी. दोन्ही घोटले की मऊ लोण्यासारखा गोळा होतो, तो खड्ड्यात दाबून भरतात आणि तो हळूहळू कडक होतो. म्हणूनच चांदी भरल्यावर एक दिवस त्या बाजूने चावू नका, असे सांगतात. एकोणिसाव्या शतकापासून हे मिश्रण जगभर वापरात आले.

त्याचे गुण मोठे आहेत. ते स्वस्त आहे, दाढेवरचा चावण्याचा जोर सोसते, थोडी लाळ लागली तरी बिघडत नाही आणि बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहूनही अधिक टिकते. दोषही आहेत. ते दाताला चिकटत नाही, नुसते अडकून बसते. ते अडकावे म्हणून दाताचा थोडा चांगला भागही कोरावा लागतो. धातू असल्याने थंड-गरम लवकर आत पोचते. काळाने ते काळवंडते आणि दातही करडा दिसू लागतो.

पांढऱ्यात दोन जाती

दाताच्या रंगाचे म्हणून जे भरतात, त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत. ग्राहकाने हा फरक ओळखावा, कारण दोन्हींचे दर आणि गुण निराळे आहेत.

पहिली कॉम्पोझिट. लोक हिला लाईटचे फिलिंग म्हणतात. राळेसारखे रसायन आणि काचेचे अतिबारीक कण यांची ही लुकण. अमेरिकेतील संशोधक राफेल बोवेन यांनी हिच्या मूळ रसायनाचे पेटंट १९६२ मध्ये मिळवले. आधी दातावर सौम्य आम्ल लावून तो खरखरीत करतात, मग चिकटद्रव्य लावतात, मग लुकण थराथराने भरून प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने कडक करतात. ही दाताला चिकटते, म्हणून फक्त किडलेला भाग काढला तरी चालते. रंग जुळतो. घरी आल्यावर लगेच चावता येते. मात्र भरताना दात अगदी कोरडा हवा. लाळ किंवा रक्त लागले तर चिकटपणा जातो. कडक होताना लुकण किंचित आकसते, म्हणून घाईने भरली तर कडेला फट राहते आणि तिथून पुन्हा कीड शिरते. वेळ अधिक लागतो आणि पैसेही अधिक.

दुसरी ग्लास आयोनोमर, म्हणजे आपल्या बोलीत सिमेंट. हे १९७० च्या दशकाच्या आरंभी लंडनमधील सरकारी प्रयोगशाळेत तयार झाले. हे दाताला आपोआप चिकटते आणि त्यातून फ्लोराइड हळूहळू झिरपते. फ्लोराइडमुळे दात बळकट होतो. परंतु दाढेचा जोर त्याला तितकासा सोसत नाही. मुलांचे दात आणि हिरडीजवळचे खड्डे यांना हे योग्य. विजेशिवाय, केवळ हाताच्या अवजारांनी कीड खरवडून हे सिमेंट भरण्याची पद्धत १९८० च्या दशकात आफ्रिकेतील टांझानिया देशात विकसित झाली. आपल्या तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर आरोग्य शिबिर घेणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही गोष्ट टिपून ठेवावी. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या सिमेंटचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

मग टिकते कोणते?

येथे प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. मागच्या दातांपुरते पाहिले तर चांदीच अधिक टिकाऊ ठरली आहे. कॉक्रेन या संस्थेने २०१४ मध्ये अनेक पाहण्या एकत्र तपासल्या. त्यांत दाढांमधले कॉम्पोझिट चांदीच्या जवळपास दुप्पट प्रमाणात निकामी झालेले आढळले. मुख्य कारण तुटणे नव्हे, तर कडेने पुन्हा लागलेली कीड. त्या पाहण्या जुन्या साहित्यावरच्या होत्या, हेही खरे. तरी बोध असा की, पांढरे भरणाऱ्याने दात घासण्यात आळस केला तर पैसे वाया गेले म्हणून समजा.

पाऱ्याची भीती: खरी किती, खोटी किती?

पारा विषारी आहे, यात वाद नाही. जपानमधील मिनामाता येथे एका कारखान्याने पाऱ्याचे विषारी संयुग समुद्राच्या खाडीत सोडले. ते माशांत गेले आणि मासे खाणाऱ्या कोळी कुटुंबांच्या पोटात गेले. माणसे लुळी पडली, व्यंग असलेली मुले जन्मली. या रोगाची अधिकृत नोंद झाली १ मे १९५६ रोजी, आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. तेथेही भोगले ते गरिबांनी.

परंतु दातात घट्ट बसलेली चांदी आणि खाडीत सोडलेले विष एक नव्हे. चावताना चांदीतून पाऱ्याची अत्यल्प वाफ सुटते आणि बहुसंख्य लोकांना तिने अपाय होतो असे आढळलेले नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये सांगितले की, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, गर्भधारणेची इच्छा असलेल्या स्त्रिया, लहान मुले, मूत्रपिंडाचे किंवा मज्जासंस्थेचे रुग्ण आणि पाऱ्याची ॲलर्जी असलेले यांनी नवी चांदी शक्यतो टाळावी. त्याच वेळी हेही सांगितले की, सुस्थितीत असलेली जुनी चांदी उगाच काढू नये. काढताना जास्त वाफ सुटते आणि चांगला दातही कोरला जातो. म्हणून ज्यांच्या दाढेत पूर्वीची चांदी आहे त्यांनी घाबरून दवाखान्याकडे धावू नये. ती हलली, तुटली किंवा कडेला कीड लागली तरच बदलावी.

खरी काळजी आहे ती तोंडाबाहेरच्या पाऱ्याची. दवाखान्यातील उरलेला कचरा गटारात गेला की तो पाण्याबरोबर वाहतो. आपली गाढी नदी पनवेलच्या खाडीला मिळते आणि त्या खाडीचे मासे आपल्याच ताटात येतात. म्हणूनच मिनामाताच्या नावाने आंतरराष्ट्रीय करार झाला. तो २०१३ मध्ये संमत झाला, १६ ऑगस्ट २०१७ रोजी अंमलात आला आणि भारताने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून काही वैद्यकीय अपवाद सोडून दातातली चांदी बंद केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये जिनेव्हाच्या बैठकीत २०३४ पर्यंत जगभर ती थांबवण्याचे ठरले. म्हणजे उद्याचा काळ पांढऱ्याचाच आहे. तेव्हा ते गरिबाच्या आवाक्यात यावे, ही मागणी आपण आजच केली पाहिजे. चांदी बंद झाली आणि पांढरे परवडले नाही, तर गरिबाच्या वाट्याला पुन्हा दात उपटण्याची पक्कडच यायची.

थोडा हिशेब

मी वाणिज्य शाखेचा माणूस, हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. समजा, पांढऱ्या फिलिंगला १२०० रुपये पडले आणि ते ८ वर्षे टिकले. वर्षाला १५० रुपये झाले, महिन्याला साडेबारा. तेवढे पैसे गुटख्याच्या पुड्यांत आठवड्याभरात उडतात. उलट, वर्षभर टाळाटाळ केली आणि कीड नसेपर्यंत पोचली की रूट कॅनाल आणि वरची टोपी मिळून खर्च कित्येक पटींनी वाढतो. उपटणे स्वस्त वाटते, पण रिकाम्या जागेकडे शेजारचा दात कलतो, समोरचा लांबतो आणि चावणे कायमचे बिघडते. हा तोटा कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

एवढेही जवळ नसतील तर दंत महाविद्यालयात जावे. कामोठ्याला एमजीएमचे, खारघरला येरळाचे, बेलापूरला भारती विद्यापीठाचे आहे. पनवेलहून हार्बर लोकलने थेट सीएसएमटीला उतरले की जवळच सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी शिकणारे विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ लागतो, एक-दोन फेऱ्या होतात, पण खर्च कमी येतो.

खुर्चीवर बसण्याआधी विचारा

डॉक्टरांना चार प्रश्न विचारण्यात संकोच नको. खड्डा किती खोल आहे? तुम्ही कॉम्पोझिट भरणार की सिमेंट? माझ्या दाढेला ते किती वर्षे टिकेल? एकूण खर्च किती, आणि पावती मिळेल ना? प्रश्न विचारणे हा अपमान नव्हे, तो रुग्णाचा हक्क आहे.

माता-भगिनींनी आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मशेरीने दात घट्ट होतात, हा भ्रम आहे. ती भाजलेली तंबाखूच आहे. ती हिरड्या खाते आणि तिच्या काळेपणाखाली कीड लपते. दुसरी गोष्ट मुलांची. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे जी नवी दाढ येते, ती दुधाची नसते, कायमची असते. "पडेलच की" म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष झाले तर ती पुन्हा उगवत नाही. रात्री फ्लोराइडच्या पेस्टने दात घासून मगच मुलांना झोपू द्या.

आमच्या त्या भगिनीचे सांगायचे राहिले. पुढच्या आठवड्यात तिला सोबत घेऊन दंत महाविद्यालयात गेलो. कीड नसेपर्यंत पोचली नव्हती. दुसऱ्या फेरीत कॉम्पोझिट भरून झाले. त्यानंतरच्या रविवारी विहारात तिने चहाचा कप दोन्ही हातांनी धरला आणि गरम-गरम चहा डाव्या बाजूने प्यायली. म्हणाली, "भाऊ, झोंबलं नाही." मला आईची कुस्करलेली भाकरी आठवली.

नमो बुद्धाय! जयभीम!