पाळीतील स्वच्छता : प्रश्न केवळ किमतीचा नाही

२०११ च्या जनगणनेनुसार देशात १० ते १९ वयोगटातील मुलामुलींची संख्या २५ कोटींहून अधिक होती. यातील मुलींच्या दृष्टीने मासिक पाळीतील स्वच्छता हा आरोग्याचा, तसाच शिक्षणाचाही प्रश्न होय.

शासकीय धोरणाने प्रामुख्याने किमतीच्या अंगाने त्याचा विचार केला. २०११ मधील योजनेत निवडक जिल्ह्यांतील ग्रामीण मुलींना आशा कार्यकर्तीमार्फत सहा नॅपकिनचे पाकीट सहा रुपयांत मिळू लागले. जुलै २०१८ मध्ये नॅपकिनवरील १२ टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये जनऔषधी केंद्रांतील नॅपकिनची किंमत अडीच रुपयांवरून एक रुपयावर आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, १५ ते २४ वयोगटात पाळीसाठी स्वच्छ साधने वापरणाऱ्या महिलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ७७.३ टक्के झाले. बिहारमध्ये मात्र ते ५९ टक्क्यांच्या आसपासच होते.

तथापि, स्वस्त नॅपकिन हाती आला म्हणजे स्वच्छता साधली असे नाही. नॅपकिन साधारणतः चार ते सहा तासांनी बदलावा लागतो. शाळेत पाणी, साबण, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आणि झाकणाची कचरापेटी नसेल, तर एक रुपयाचा नॅपकिनही दिवसभर बदलला जात नाही. अन्यथा मुलगी शाळाच चुकवते.

कापडाबाबतही हेच दिसते. सुती कापड साबणाने स्वच्छ धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून वापरल्यास ते सुरक्षित असते. परंतु कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून ते घरातील अंधाऱ्या, दमट कोपऱ्यात वाळत घातले जाते आणि त्यातून जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. येथे अडसर पैशाचा नसून संकोचाचा आहे.

हा संकोच दूर करण्यास फारसा खर्च लागत नाही; योग्य वेळ मात्र साधावी लागते. पहिली पाळी येण्यापूर्वीच आई, शिक्षिका व आशा कार्यकर्ती यांनी मुलीला पाळीचे शास्त्रीय स्वरूप, नियमित स्नान आणि वापरलेला नॅपकिन कागदात गुंडाळून टाकण्याची पद्धत समजावून द्यावयास हवी. मुलांनाही याची माहिती दिल्यास चेष्टेला आळा बसेल. नॅपकिनवरील तरतुदीसोबतच शाळेतील पाणी, स्वच्छतागृहांची देखभाल आणि आरोग्य शिक्षण यांवरील खर्चाचा एकत्रित विचार झाला, तरच या गुंतवणुकीचे पूर्ण फळ मुलींच्या पदरी पडेल.