केसांच्या मुळाशी औषध

केस गळायला लागले की माणूस डोक्याला काय काय चोपडतो, त्याची यादी करायची म्हटलं तर आजची सगळी वेळ त्यातच जाईल. माका झाला, जास्वंद झाली, कांद्याचा रस झाला. आता त्यात लेझरची भर पडली आहे. ‘लेझरने केस उगवा’ अशा पाट्या लहान शहरांतूनही दिसतात, आणि लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या बेतात असलेली मुलं त्या वाचून पैसे मोजायला तयार होतात. तेव्हा हे लेझर डोक्यावर नेमकं करतं काय, ते समजून घेतलेलं बरं.

आधी कातडीची गोष्ट. कातडी ही मुळात भिंत आहे. तिचा सर्वांत वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरचा पन्नासावा ते शंभरावा भाग, एवढीच. पण बांधणी पहा! पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्या सांध्यांत स्निग्ध पदार्थाचा चुना भरलेला. पावसात भिजलो तरी पाणी आत शिरत नाही ते या थरामुळे. केसाचं मूळ मात्र या भिंतीच्या पलीकडे, तीन-चार मिलिमीटर खोल असतं.

आता औषध घ्या. मिनॉक्सिडिल हे मूळचं रक्तदाबाचं औषध. अमेरिकेत १९७९ साली त्याच्या गोळ्यांना मान्यता मिळाली. गोळ्या घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावून पाहण्याची कल्पना निघाली, आणि १९८८ मध्ये त्याचं २ टक्के द्रावण टकलावर वापरायला परवानगी मिळाली. लावलेल्या औषधापैकी रक्तापर्यंत पोचतं ते सरासरी दीड टक्क्याच्या आसपास. बरंचसं वरच वाळतं, उशीला लागतं, न्हाताना वाहून जातं.

भिंत तर पाडता येत नाही. मग आपला बागाईतदार काय करतो? झाडाभोवतीची जमीन टणक झाली, तर तो सगळी जमीन खणत बसत नाही. पहारीने ठिकठिकाणी भोकं पाडतो आणि त्यांत खत सोडतो. लेझरचा उपयोग नेमका या पहारीसारखा आहे.

यासाठी बहुधा कार्बन डायऑक्साइड वायूचं लेझर वापरतात. ते शोधून काढणारे कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीचा. पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून ते अमेरिकेला गेले आणि तिथल्या बेल प्रयोगशाळेत १९६४ साली त्यांनी हे लेझर तयार केलं. त्याचा किरण डोळ्यांना दिसत नाही, आणि पाणी तो झटकन शोषून घेतं. जिवंत कातडीत पाणी भरपूर. किरण पडला की त्या ठिपक्यापुरत्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि बारीक भोक पडतं. सगळ्या कातडीवर किरण न फिरवता असे सुटे सुटे ठिपके मारावेत, म्हणजे मधली शाबूत कातडी जखम लवकर भरून काढते, ही युक्ती बोस्टनच्या डॉक्टरांनी २००४ साली मांडली. ती वेगळ्या, भोक न पाडणाऱ्या लेझरवर होती. पुढे ती या लेझरलाही लागू झाली. २०१० मध्ये डुकराच्या कातडीवर प्रयोग करून, या भोकांतून औषध खोलवर जातं हे दाखवण्यात आलं.

शिक्षकबंधूंना हे वर्गात दाखवता येईल. न सोललेला बटाटा घ्या, अर्ध्या भागाला सुईने भोकं पाडा, सगळ्याला लाल शाई लावा. तासाभराने पुसून कापा. शाई कुठे उतरली ते मुलंच सांगतील.

मग केस वाढतात का? माणसांवर जे प्रयोग झाले ते लहान, थोड्या रुग्णांवर आणि थोड्या महिन्यांचे. नुसत्या औषधापेक्षा लेझर आणि औषध मिळून फायदा जास्त, असं त्यांतल्या बऱ्याच प्रयोगांत आढळलं. पण याचं सगळं श्रेय भोकांतून उतरलेल्या औषधाला देता येत नाही. मुंबईच्या सायन रुग्णालयात शंभर पुरुषांवर झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग पहा. तिथे लेझर नव्हतं, बारीक सुयांचा रूळ होता. अर्ध्यांना नुसतं मिनॉक्सिडिल दिलं, अर्ध्यांच्या डोक्यावर त्याच्या जोडीला आठवड्यातून एकदा रूळ फिरवला. बारा आठवड्यांनी रूळवाल्यांचे केस कितीतरी जास्त वाढले होते. गंमत अशी की टोचल्या दिवशी औषध लावायचंच नाही, असं त्यांना बजावलेलं होतं! म्हणजे जखम भरताना शरीर स्वतः जी द्रव्यं सोडतं, त्यांचाही यात वाटा असला पाहिजे. शिवाय मिनॉक्सिडिल जसंच्या तसं काम करीत नाही. मुळाशी असलेलं एक एन्झाइम त्याचं रूप बदलतं, तेव्हा ते लागू पडतं. ज्याच्याकडे ते एन्झाइम कमी, त्याला जास्त औषध आत घालूनही फारसा लाभ होत नाही.

आणि भोक हे औषधालाच तेवढं वाट देतं असं नाही. जे वर असेल ते आत जाईल. बाटलीतल्या द्रावणात अल्कोहोल आणि प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं. ते शाबूत कातडीसाठी बनवलेलं, निर्जंतुक केलेलं नसतं. ताज्या भोकांवर ओतलं तर आग होईल, पू धरेल, आणि औषध रक्तात जास्त उतरलं तर छातीत धडधड, चक्कर, पायाला सूज. मूळचं रक्तदाबाचं औषध ते! सावळ्या कातडीवर काळे डागही राहू शकतात. म्हणून ‘लेझर झालं, आता आमचं खास तेल लावा’ असं कुणी म्हणेल, तिथून सरळ उठावं.

दुकानात लेझरची कंगवेही मिळतात. ती गोष्टच निराळी. त्यांचा मंद तांबडा प्रकाश भोक पाडत नाही. नावसाधर्म्यामुळे गल्लत होते, एवढंच.

मुळात गळती कशाची, हे आधी ठरलं पाहिजे. विषमज्वरानंतर किंवा बाळंतपणानंतर गळणारे केस बहुधा काही महिन्यांत आपोआप येतात. रक्त कमी असेल, थायरॉइडचा विकार असेल, तर उपाय तिथे करायचा. डोक्यातल्या नायट्यावर लेझर मारणं म्हणजे रोगाला आमंत्रण. जिथे कातडी गुळगुळीत होऊन वर्षं लोटली, मूळच उरलं नाही, तिथे औषध पोचवायचं तरी कुणाला? पुरुषांच्या नेहमीच्या टकलात मुळं बारीक होत जातात पण काही काळ जिवंत असतात. उपयोग व्हायचा तर त्या अवस्थेत.

त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलात तर खुर्चीत बसण्यापूर्वी विचारून घ्या: लेझर कोणतं, बाटलीत काय आहे, ते किती वेळाने लावायचं, आणि डोळ्यांवर चष्मा देणार ना? एक खर्चाचाही हिशेब आहे. मिनॉक्सिडिल बंद केलं की त्याने आलेले केस काही महिन्यांत पुन्हा गळतात. लेझर घेतलं तरी रोजची बाटली सुटत नाही.