काळाचें पाऊल केवढें असावें?

वाहत्या पाण्याचें किंवा वाऱ्याचें गणित करतांना गणिती जागेचे चौकोन पाडतो व काळाचे तुकडे करतो. आतांच्या स्थितीवरून पुढील क्षणाची स्थिति काढावयाची, तिच्यावरून त्यापुढील. अशीं एकेक पाउलें टाकीत तो जातो. पाऊल मोठें घेतलें तर श्रम वांचतात. पण या सोयीला कडक मर्यादा आहे.

पहिल्या महायुद्धांत जखमींची ने-आण करणाऱ्या पथकांत असतां लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञांनीं फ्रान्समध्यें हवामानाचें असेंच गणित हातानें केलें. २० मे १९१० रोजीं सहा तासांत वायुभार १४५ मिलिबारांनीं वाढावा, असें उत्तर निघालें. प्रत्यक्षांत तो जवळजवळ स्थिर होता! हें अपयश त्यांनीं १९२२ सालीं ग्रंथांत प्रांजळपणें छापलें. चुकीचें मूळ आरंभीच्या आंकड्यांतील विसंगतींत होतें. परंतु आंकडे सुधारून गणित पुढें चालविलें असतें, तरी तें टिकतें ना. कारण त्यांचें पाऊल तीन तासांचें होतें.

याचा उलगडा कूरांट, फ्रीडरिक्स व लेवी या गणितज्ञांच्या १९२८ सालच्या सिद्धांतानें होतो. एका पावलाच्या अवधींत सर्वांत वेगवान तरंगानें एका चौकोनाहून अधिक अंतर तोडतां कामा नये. तसें झाल्यास ज्या वार्तेवर पुढील क्षण अवलंबून असतो, ती गणिताच्या कक्षेंतच येत नाहीं. आणि बारीकशी चूकहि पावलागणिक फुगत जाते. येथें श्रोत्यांनीं एक भागाकार करून पाहावा. रिचर्डसन यांचे चौकोन सुमारें २०० किलोमीटरांचे, आणि वातावरणांतील वेगवान गुरुत्व-तरंग सेकंदाला सुमारें ३०० मीटर जाणारे. म्हणजे पाऊल फार तर अकरा मिनिटांचें हवें. तीन तासांत तो तरंग सोळा चौकोन ओलांडतो!

१९५० सालीं चार्नी, फ्यॉर्टोफ्ट व फॉन नॉयमन यांनीं अमेरिकेंतील एनिॲक यंत्रावर हवामानाचें गणित केलें. त्यांनीं समीकरणांतूनच हे तरंग वगळले. म्हणून त्यांना तीन तासांचींहि पाउलें चाललीं.

पाऊल मोठें असूनहि गणित फुटत नाहीं, अशा रीती आज आहेत. पण न फुटणें म्हणजे खरें असणें नव्हे. प्रवाहांत दहा सेंटिमीटर जाडीची नळी उभी असून पाणी सेकंदाला एक मीटर वेगानें वाहत असेल, तर तिच्यामागें सुमारें दर अर्ध्या सेकंदाला भोंवऱ्यांचें एक आवर्तन पुरें होतें. अर्ध्या सेकंदाचेंच पाऊल टाकणाऱ्याला हे भोंवरे दिसणारच नाहींत. म्हणून आवर्तनाचे पन्नासएक तुकडे करावे. नंतर पाऊल निम्में करून तेंच गणित पुन्हां करावें. उत्तरें जुळलीं तर पाऊल योग्य, न जुळल्यास आणखी लहान करावें. श्रम वाढतात खरे. परंतु ज्या हेलकाव्यांनीं नळी मोडावयाची, तेच गणितांतून निसटले, तर ती काटकसर फार महाग पडते.